सर्व्हरला लांबूनच नमस्कार

आमच्या धंद्यातला शहाणा माणूस सर्व्हरजवळ जात नाही. सर्व्हर सांभाळणं हाच ज्याचा पेशा, तो सर्व्हरपासून किती लांब बसतो यावर त्याची पत ठरते. नवीन लागलेला मुलगा डेटा सेंटरला जातो. चार वर्षं काढलेला ऑफिसात बसून तेच काम करतो. आणि पुरता मुरलेला गडी कोथरूडच्या घरात बर्मुडा घालून, बाजूला पोह्यांची बशी ठेवून, सव्वाशे किलोमीटरवरच्या यंत्राला उठाबशा काढायला लावतो.

जवळ न जाण्याला सबळ कारणं आहेत. आमचे सर्व्हर नवी मुंबईत आहेत. ऐरोली, रबाळे, महापे हा सगळा पट्टा आता डेटा सेंटरांनी भरलाय. एके काळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागायचा, इतके रासायनिक कारखाने होते. आता तिथे बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, एमआयडीसीची जागा आहे, वीज आहे, आणि कुणाला आत काय चाललंय ते बघायची हौस नाही. आत गेलं की पंख्यांचा असा घोंघाट असतो की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. रॅकच्या पुढून गार हवा सोडतात आणि ती मागून गरम होऊन निघते, म्हणजे समोर उभं राहायला स्वेटर लागतो आणि मागे गेलं की तोच काढून कमरेला बांधावा लागतो. बसायला खुर्ची नसते. मुळात माणसाने तिथे यावं अशी कुणाची अपेक्षाच नसते.

हे पटवून देण्याचं काम गेटवरचे सिक्युरिटी काका करतात. रजिस्टरमध्ये नाव, कंपनी, लॅपटॉपचा सिरियल नंबर, आत नेत असलेल्या प्रत्येक वायरची नोंद, आणि मग तो रकाना: कोणाला भेटायचंय. मी एकदा प्रामाणिकपणे ‘सर्व्हर’ लिहिलं. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “पूर्ण नाव लिहा. आणि त्यांना खाली बोलवा, तेच घेऊन जातील.”

म्हणून केव्हीएम. कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. या तिघांच्या वायरी एका डब्यात जातात आणि डब्यातून अनेक सर्व्हरांकडे फुटतात. रॅकमध्ये वीस सर्व्हर असले तर वीस कीबोर्ड आणि वीस मॉनिटर कोण ठेवणार? एकच संच ठेवायचा आणि डब्यावरचं बटण फिरवून कधी याच्याशी, कधी त्याच्याशी बोलायचं. सुरुवातीचे डबे खरोखरच बटण फिरवायचे होते. कटकन आवाज व्हायचा, पडद्यावर अक्षरांच्या सावल्या पडायच्या आणि माऊस मधूनच रुसायचा. नंतर बटण गेलं आणि कीबोर्डवरूनच आज्ञा आली: स्क्रोल लॉक दोनदा दाबा. कीबोर्डवर स्क्रोल लॉक नावाचं बटण कशासाठी असतं हा प्रश्न पृथ्वीतलावरच्या बहुतेक माणसांना पडतो आणि अनुत्तरित राहतो. आम्हाला उत्तर माहीत आहे. ते आमच्यासाठी आहे.

डब्याचं आणखी एक पुण्यकर्म सांगितलंच पाहिजे. जुन्या संगणकांना सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही, तर ते पडद्यावर तक्रार लिहायचे की कीबोर्ड नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. जगातल्या सर्व सरकारी परिपत्रकांचा अर्क या एका ओळीत आहे. केव्हीएम या प्रत्येक सर्व्हरला सतत सांगत राहतो की तुझा कीबोर्ड जागेवर आहे, तू काळजी करू नकोस. कीबोर्ड त्या वेळी भलत्याच सर्व्हरला जोडलेला असतो. पण वीसच्या वीस सर्व्हर समाधानाने चालू होतात.

मग कुणाला तरी सुचलं की डब्यापासून माणसापर्यंतची वायर काढून टाकून तिथे नेटवर्क घालावं. सर्व्हरच्या पडद्याचं चित्र टिपायचं, दाबून लहान करायचं, नेटवर्कवरून पाठवायचं. आणि माणसाने दाबलेली बटणं व हलवलेला माऊस उलट्या दिशेने न्यायचे. सर्व्हरला वाटतं की कुणीतरी समोर उभं आहे. ऑपरेटिंग सिस्टीम चालू असो, कोसळलेली असो की अजून टाकलेलीच नसो, याला फरक पडत नाही, कारण हा डबा सर्व्हरच्या आतल्या कुठल्याही प्रोग्रॅमवर विसंबत नाही. नेटवर्कचं सेटिंग बदलताना एखाद्याने बसलेली फांदीच तोडली, तरी केव्हीएमच्या खिडकीतून परत चढता येतं. कल्पना इतकी उत्तम आहे की तिच्यात खोट काढायला आम्हाला वेळ लागला. साधारण पहिला माऊस हलवेपर्यंत.

कारण पडद्यावर माऊसचे बाण दोन असतात. एक तुमचा, एक त्याचा. तुमचा बाण तुमच्या हाताबरोबर लगेच जातो. त्याचा बाण नवी मुंबईहून विचार करून येतो. शिवाय माऊस जोरात हलवला की बाण जास्त लांब पळतो, अशी सोय विंडोजमध्ये मुळातच असते. ती दोन्ही टोकांना चालू राहिली तर दोघांचे हिशोब जुळत नाहीत. तुम्ही दोन इंच सरकलात की तो सव्वातीन सरकतो. मग आमच्यातला माणूस बाण धरून पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात नेऊन आपटतो, म्हणजे दोघेही भिंतीला टेकतात आणि तिथून पुन्हा सोबत निघतात. मध्यावर येईतो पुन्हा फाटाफूट. माऊसचा वेग कमी करा, बाणाच्या अचूकतेच्या चौकटीतली खूण काढून टाका, हे नियमपुस्तकात लिहिलेलं असतं. पण ती खूण काढायला आधी चौकटीवर क्लिक करता यावं लागतं.

आणि क्लिक कुठे करायचं असतं? स्टार्ट मेनूत, रीस्टार्टवर. त्याला खेटून काय असतं? शटडाऊन. हे दोन पर्याय शेजारी ठेवणारा माणूस स्वतःच्या सर्व्हरपासून कधी सव्वाशे किलोमीटरवर बसलेला नसणार. रीस्टार्ट केलेला सर्व्हर परत येतो. शटडाऊन केलेला सर्व्हर तुम्हाला बोलावतो, आणि मध्ये बोरघाट असतो. विंडोज सर्व्हर तर त्या नाजूक क्षणी, तुम्ही यंत्र का बंद करत आहात त्याचं कारणही लेखी मागतो. देशभरातल्या सर्व्हरांच्या नोंदी उघडून पाहिल्या, तर बंद करण्याचं कारण म्हणून कीबोर्डच्या मधल्या ओळीतली पहिली चार अक्षरं सर्वाधिक वेळा सापडतील याबद्दल माझी खात्री आहे.

कीबोर्डची तऱ्हा निराळी. नेटवर्क जरा अडखळलं की बटण दाबल्याची वार्ता पोचते आणि सोडल्याची वाटेत राहते. पलीकडच्या सर्व्हरला वाटतं माणूस बटण दाबून झोपी गेला. मग एका ‘ओ’चे सात ‘ओ’ होतात. हे पडद्यावर दिसलं तर खोडता येतं, पण पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच दिसत नाही. नुसतं कळवलं जातं की चुकला. त्यात सर्व्हर लंडनच्या कार्यालयाने बसवलेला असला तर त्याचा कीबोर्ड ब्रिटिश मांडणीचा असतो. तिथे ‘अॅट’चं चिन्ह दाबलं की अवतरणचिन्ह उमटतं. पासवर्डात ‘अॅट’ घातलंच पाहिजे हा नियमही त्याच कार्यालयाचा.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीटबद्दल बोलायलाच नको. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पीसीसाठी हे त्रिकूट योजलं, आणि चुकून एका हाताने दाबलं जाऊ नये म्हणून मुद्दाम लांब-लांबची बटणं निवडली. सर्व्हरवर लॉग-इन करायला तेच दाबावं लागतं. केव्हीएमच्या खिडकीत ते दाबलं की सर्व्हर ढिम्म राहतो आणि तुमचा स्वतःचा लॅपटॉप विचारतो, काय साहेब, काम होतं? सर्व्हरला पाठवण्यासाठी वरच्या मेनूत वेगळी आज्ञा असते. ती माहीत असलेला माणूसही आधी बोटांनीच दाबतो.

काळ्या पडद्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण नव्या मुलांना त्याची धास्ती असते. केव्हीएम उघडला, पडदा काळा. सर्व्हर मेला का? बहुधा नाही. कन्सोलला कुणी बराच वेळ हात लावला नाही की लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या पडदा विझवून ठेवतात. काहीतरी बटण दाबून त्याला जागं करायचं असतं, आणि कोणतं दाबावं यात माणसाचं घराणं कळतं. हौशी माणूस एन्टर मारतो. काळ्या पडद्यामागे ‘सर्व डेटा पुसून टाकू का’ असा प्रश्न उत्तराची वाट बघत थांबलेला असू शकतो, आणि एन्टर म्हणजे हो. जाणता माणूस शिफ्ट दाबतो. शिफ्टने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही.

दुसरी परीक्षा बायोसमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये, शिरण्याची. सर्व्हर रीस्टार्ट झाला की पाच-पाच मिनिटं स्वतःची मेमरी तपासत बसतो. तेवढ्या वेळात माणूस चहा टाकतो. मग दोन-तीन सेकंदांसाठी पडद्यावर ओळ येते की आत यायचं असेल तर एफ-२ दाबा. नेमक्या त्या क्षणी चित्राचा आकार बदलतो, केव्हीएम नव्या चित्राशी जुळवून घेतो आणि खिडकीत ‘सिग्नल नाही’ असं लिहून ठेवतो. चित्र परततं तेव्हा ती ओळ गेलेली असते. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा पाच मिनिटं. अनुभवी माणसं काही दिसायची वाटच बघत नाहीत; डोळे मिटून, दोन मिनिटं एफ-२ वर ताशा वाजवावा तशी बोटं आपटत राहतात. घरातली मंडळी दारातून डोकावून जातात आणि काही विचारत नाहीत.

हे सगळं परवडलं, पण जावा नको, असं म्हणायची पाळी जावाने आणली. एका काळातल्या बहुतेक केव्हीएमांची खिडकी जावात लिहिलेली होती. ब्राऊझरमध्ये पत्ता टाकायचा, एक छोटी फाईल उतरायची, ती उघडली की जावा उठायचा आणि धोक्याच्या सूचना द्यायचा. प्रकाशक अनोळखी आहे. प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. ज्या पत्त्यावरून हे आलं त्याचा भरवसा नाही. खाली एक चौकट असायची: सर्व धोका मला मान्य आहे आणि तरी मला हे चालवायचं आहे. रात्री दोन वाजता, सर्व्हर पडलेला असताना, माणसाला काय मान्य नसतं? रिमोट कंट्रोलचं महाराष्ट्राला नवल नाही. १९९५ च्या युती सरकारचा रिमोट आपल्या हाती आहे, असं बाळासाहेब ठाकरे जाहीरपणे सांगत. पण त्या रिमोटला जावा लागत नव्हता.

पुढे एकेकाने हात वर केले. क्रोमने २०१५ मध्ये जावा चालवणाऱ्या जोडण्या बंद केल्या, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. २०१८ साली जावाच्या अकराव्या आवृत्तीतून ती फाईल उघडणारी सोयच काढून टाकली गेली. जग सुरक्षित झालं. आमचे डबे मात्र रॅकमध्ये स्क्रूने घट्ट बसवलेले होते आणि त्यांचं आयुष्य आणखी दहा वर्षं होतं. मग प्रत्येक ऑफिसात एक सोवळ्यातला लॅपटॉप तयार झाला. त्यावर जुनं विंडोज, जुना इंटरनेट एक्सप्लोरर आणि जावाची एक विशिष्ट आवृत्ती, तीही कुठल्या तरी विशिष्ट अपडेटपर्यंतची. त्याला इंटरनेटचा विटाळ होऊ द्यायचा नाही. त्याला अपडेट लावायचा नाही. त्यावर कुणी गाणी ऐकायची नाहीत. तो कपाटात वेगळ्या कप्प्यात राहतो, वरच्या चिठ्ठीवर लाल शाईने ‘हात लावू नये’ असं लिहिलेलं असतं. आणि नव्याने आलेला एखादा उत्साही मुलगा एके दिवशी त्याला स्वच्छ करून, सगळे अपडेट लावून, वर अँटिव्हायरस टाकून कौतुकाच्या अपेक्षेने उभा राहतो. त्याला रागावण्यात अर्थ नसतो. त्याने कॉलेजात शिकवलं तेच केलेलं असतं.

सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांनी तर केव्हीएम सर्व्हरच्या पोटातच बसवून टाकला. आत एक चिमुकला वेगळा संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी, वायर सॉकेटात आहे तोवर तो जागा राहतो. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये त्यासाठी आयपीएमआय नावाचे समान नियम आखले. या चिमुकल्या संगणकातून सर्व्हर चालू करता येतो, बंद करता येतो, पंखे किती फिरताहेत ते बघता येतं आणि पडदाही दिसतो. घरच्या संगणकावरची डीव्हीडी त्या सर्व्हरला आपलीच आहे असं भासवताही येतं. घरून वर चढणारा वेग दोन एमबीपीएस असेल तर पावणेपाच जीबीची डीव्हीडी पोचायला पाच तासांवर लागतात, आणि चार तास पन्नास मिनिटांनी घरात कुणीतरी राऊटर बंद करून चालू करतं, हा भाग वेगळा.

या पोटातल्या पहारेकऱ्याची सुरक्षा हा स्वतंत्र करमणुकीचा विषय आहे. डेलच्या सर्व्हरचं कारखान्यातून येणारं नाव ‘रूट’ आणि पासवर्ड ‘कॅल्विन’, हे जगभर इतकं पाठ होतं की कित्येक मुलांना स्वतःच्या मोबाइलचा नंबर आठवला नसता पण कॅल्विन आठवायचा. २०१३ साली डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञाने आयपीएमआयची चिरफाड केली तेव्हा दिसलं की नियमांत ‘शून्य’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात पासवर्ड विचारतात, पण तपासत नाहीत. शिवाय त्याच नियमांनुसार तो पहारेकरी, समोरचा कोण आहे हे ठरण्याआधीच, पासवर्डाचा हॅश, म्हणजे त्याची कुलूपबंद नक्कल, समोरच्याच्या हातात ठेवतो. घरी न्या, सावकाश फोडा. एचपीच्या आयएलओ-४ या पहारेकऱ्यात २०१७ साली जी फट सापडली ती तर लहान मुलालाही जमावी अशी. विनंतीत एका ठराविक जागी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर एकोणतीस वेळा लिहून पाठवलं की दार उघडायचं. एफ-२ वर बोटं आपटणाऱ्या आमच्या लोकांना हे नुसत्या सवयीने सापडायला हवं होतं.

आता नवे सर्व्हर प्रत्येकी वेगळा पासवर्ड घेऊन येतात. उत्तम सुधारणा. तो पासवर्ड सर्व्हरच्या पुढच्या बाजूला, ओढून काढायच्या एका प्लॅस्टिकच्या पट्टीवर छापलेला असतो. म्हणजे लांबून सर्व्हर चालवण्यासाठी आधी कुणीतरी जवळ जाऊन ती पट्टी वाचावी लागते. त्या कुणीतरीला आमच्या भाषेत ‘रिमोट हँड्स’ म्हणतात आणि त्याचं बिल वेळेच्या हिशोबाने येतं. तो डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला असणारा, पंचविशीतला, बहुधा घणसोलीत चौघांत खोली करून राहणारा मुलगा असतो. तिकीट टाकलं की तो फोन करतो.

“सर, पट्टी वाचली. सांगू?”

“सांगा.”

“एम फॉर मुंबई. पी फॉर पुणे. पाच. झेड फॉर झेरॉक्स.”

“झेड की एक्स?”

“झेरॉक्सचा, सर.”

“झेरॉक्स एक्सने सुरू होतं.”

पलीकडे क्षणभर विचार. “सर, आमच्या नाक्यावर झेडने लिहिलंय.”

“नाक्याचं राहू द्या. पट्टीवर काय आहे?”

“ते परत जाऊन बघावं लागेल, सर. फोन आत लागत नाही ना, म्हणून मी बाहेर आलोय.”

बाहेर म्हणजे दोन दारांच्या बाहेर. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, दोन्हींवर बोटाचा ठसा द्यावा लागतो आणि बुटांवर ती निळी पिशवी पुन्हा चढवावी लागते. आत फोटो काढायला बंदी. म्हणजे तो मुलगा आठ अक्षरं तोंडपाठ करून बाहेर येत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. परत आल्यावर एक्स निघाला. सहावं अक्षर शून्य आहे की ओ, असं मी विचारलं. “गोल आहे, सर,” असं त्याने निःसंदिग्ध उत्तर दिलं.

नेमका सर्व्हर सापडावा म्हणून हल्ली त्यावर एक निळा दिवा असतो. आपण कोथरूडहून बटण दाबलं की तो महाप्यात लुकलुकायला लागतो. हे पहिल्यांदा करताना अंगावर मूठभर मांस चढतं. मी ऐटीत सांगितलं, ज्याचा निळा दिवा लुकलुकतोय त्याची दुसरी वायर काढून परत लावा. मुलगा आत गेला, बाहेर आला. “सर, सात लुकलुकतायत.” आधीच्या प्रत्येकाने आपापल्या वेळी दिवा लावला होता आणि काम झाल्यावर विझवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मग मी रॅकचा नंबर दिला, खालून कितवा ते दिलं, पुढच्या लेबलवरचे आकडे दिले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, मी वायरीला हात लावला की तुम्ही तिकडून काही करू नका. मागच्या वेळी एका सरांनी मी काढलेली वायर लांबून परत चालू करायचा प्रयत्न केला होता.”

हा मुलगा हिशोबातून जावा म्हणून तर अख्खा केव्हीएमचा खटाटोप. अंधाऱ्या, बिनमाणसांच्या डेटा सेंटरचं स्वप्न इतकं जुनं आहे की एचपीच्या आयएलओ या नावात ‘दिवे बंद’ हे शब्दच आहेत. पण काही मोठं बिघडलं की सगळं जग त्याच मुलाला शोधत सुटतं. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवा. आपल्याकडे नऊ वाजून गेले होते, जेवणं उरकून लोक शुभ रात्रीच्या गुलाबांची निवड करत होते, आणि व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही बंद पडले. नेहमीच्या देखभालीतली एक आज्ञा चुकली, ती अडवायला ठेवलेल्या प्रोग्रॅममध्येच दोष निघाला, आणि कंपनीची सगळी डेटा सेंटरं एकमेकांपासून व जगापासून तुटली. अशा वेळेसाठी राखून ठेवलेला वेगळा मार्गही चालेना. शेवटी इंजिनियरांना प्रत्यक्ष पाठवावं लागलं. तिथे पोचायला वेळ गेला, आणि पोचल्यावर आत शिरायला आणखी, कारण कुणी सहजासहजी आत शिरू नये अशीच ती ठिकाणं बांधलेली असतात. दारांवर ओळखपत्रंही चालेनात, अशा बातम्या तेव्हा आल्या. ‘कोणाला भेटायचंय’ या रकान्यात त्यांनी काय लिहिलं असेल, याची मला आजही उत्सुकता आहे. आपल्याकडे पहाटे साडेतीनच्या सुमाराला सेवा परतली आणि रखडलेले गुलाब एकदम उमलले.

दुसरी गोष्ट १९ जुलै २०२४ ची, शुक्रवारची. सकाळी नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांनी क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीचा एक अपडेट सुटला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार पंच्याऐंशी लाख विंडोज यंत्रं निळी पडली. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरू लागले. उपाय सोपा होता: यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करा, एक फाईल पुसा, पुन्हा सुरू करा. फक्त यंत्रासमोर कुणीतरी बसायला हवं. ज्यांच्याकडे केव्हीएम होता त्यांनी त्या दिवशी सोवळ्यातल्या लॅपटॉपला हार घालायचा बाकी ठेवला. पण यंत्राला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाकावी लागते, आणि केव्हीएमच्या खिडकीत साधं कॉपी-पेस्ट चालत नाही. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकजण वाचणार, दुसरा टाकणार, प्रत्येक यंत्राचे निराळे. प्रत्येक गट अकराने भागला जातो, त्यामुळे चुकलेला गट तिथल्या तिथे पकडला जातो, एवढी दया मात्र कुणीतरी केलेली आहे. क्लाऊडवरच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने सल्ला दिला की रीस्टार्ट करून बघा; काहींना तब्बल पंधरा वेळा करावं लागलं होतं. बंद करून चालू कर, या आमच्या परंपरागत उपचाराला इतक्या वरून मान्यता मिळाल्याचा आनंद त्या गडबडीत नीट साजरा करता आला नाही.

अलीकडे हे सगळं स्वस्त झालंय. रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर पायकेव्हीएम बनवता येतो. एचडीएमआयमधून चित्र घ्यायचं, यूएसबीतून कीबोर्ड-माऊस द्यायचा, दोन वायरी मदरबोर्डच्या पॉवर बटणाला जोडायच्या. जावा नाही. काही हजारांत घरातल्या संगणकाला डेटा सेंटरचा थाट येतो. अशाच एका लोकप्रिय डब्याच्या बोर्डावर बारीकसा मायक्रोफोन असल्याचं कळून २०२५ मध्ये बरीच ओरड झाली होती, तेव्हा घेताना जरा बघून घ्यावं. मी एक डबा सांगलीला बाबांच्या संगणकाला लावला. मायक्रोफोनची तिथे गरज नव्हती, बाबांचा आवाज पुण्यापर्यंत तसाही येतो.

निवृत्तीनंतर बाबा संगणकावर पत्रिका करतात, बँकेचे व्याज स्वतः मोजून बँकेला चुका कळवतात. काही अडलं की फोन यायचा आणि ‘पडद्यावर काय दिसतंय’ या प्रश्नाला ‘नेहमीचंच’ असं उत्तर मिळायचं. आता मी इथून बघू शकत होतो. पहिल्या दिवशी मी बाण हलवला आणि पलीकडून बाबांनी तो परत ओढला. मी डावीकडे, ते उजवीकडे. मग फोन वाजला.

“अरे, हा माऊस आपोआप पळतोय.”

“बाबा, तो मी आहे.”

“तू आहेस तर सांगून ये की. मी इथे गुरू बसवतोय कर्केत.”

दुसऱ्या दिवशी रात्री मी बसलो, तर डबाच सापडेना. नेटवर्क तपासलं, पत्ता तपासला, राऊटर तपासला. शेवटी फोन लावला.

“बाबा, तो छोटा काळा डबा चालू आहे का?”

“सगळं भिंतीवरून बंद केलंय. नऊनंतर कशाला लागतं? मीटर फिरत राहतं.”

मी त्यांना समजावलं की तो डबा अशासाठीच आहे, की संगणक बंद असला तरी मला इथून तो चालू करता यावा. फक्त भिंतीवरचं बटण तेवढं चालू ठेवायचं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ते बटण मी उठून लावायचं?”

“हो.”

“मग तिथवर उठलोच आहे, तर संगणकाचं बटणही मीच दाबतो की. तू त्या डब्याचे किती दिलेस म्हणालास?”